पाण्यातलं ट्रिटियम: थेट मोजायचं की आधी सांद्र करून?

ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सर्गी प्रकार. प्रश्न पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षिततेचा असेल तर थेट मोजणी पुरते. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला 10,000 बेकरेल (सेकंदाला तितकी किरणोत्सर्गी विघटनं) आहे. या पद्धतीत 1-2 बेकरेलही दिसतं. नमुना ऊर्ध्वपातित करा, 20 मिलीच्या प्लास्टिक व्हायलमध्ये 8 मिली पाणी आणि 12 मिली कॉकटेल (किरणोत्सर्गाने चमकणारा द्रव; ही चमक यंत्र मोजतं) घाला, हलवा, रात्रभर अंधारात ठेवा. ही रात्र वाचवू नका: ताज्या मिश्रणाची रासायनिक चमक खोटे काउंट देते.

भूजलाचं वय काढायचं असेल तर मात्र थेट मोजणी तोकडी पडते. तिथे वापरायचं एकक फार छोटं: 1 ट्रिटियम युनिट म्हणजे लिटरला जेमतेम 0.118 बेकरेल. इथे विद्युत-विघटनच हवं, म्हणजे सेलमध्ये वीज सोडून पाणी फोडत ते कमी करणं. 250 मिली पाण्यात थोडं सोडियम पेरॉक्साइड घालून, सेल थंड ठेवून, काही दिवसांत 15 मिलीच्या आसपास आणतात. हलका हायड्रोजन आधी निघून जातो, ट्रिटियम बरंचसं मागे राहतं. सेल गरम झाला की तेही निसटतं. हायड्रोजन बाहेर सोडायची सोय हवीच, नाहीतर स्फोटाचा धोका. उरलेलं पाणी अल्कधर्मी असतं. लेड क्लोराइडने उदासीन करून शेवटच्या थेंबापर्यंत ऊर्ध्वपातित करा, कारण जड रेणू उशिरा उडतात.

प्रत्येक फेरीत ट्रिटियमविरहित पाणी आणि ट्रिटियमचं प्रमाण माहीत असलेलं पाणी यांचे सेल तुलनेसाठी ठेवाच. ट्रिटियमचे चमकणारे काटे असलेलं घड्याळ प्रयोगशाळेबाहेरच राहू द्या.