लग्नाच्या लाकडी पाट्यांपायी ३४,७७० रुपये घालवले

आधी आकडा सांगतो. चौतीस हजार सातशे सत्तर. १३,२५० अधिक ४,७७० अधिक १३,२५० अधिक ३,५००. चार हप्ते, चारही वेळा माझ्याच हाताने, माझाच पिन टाकून. बदल्यात काय आलं? लाकडाची ढलपीसुद्धा नाही.

कशासाठी, तर लग्नातल्या लाकडी पाट्यांसाठी. हसा. आमच्या घरात सगळे हसून झालेत, आता तुमची पाळी.

लेकीचं लग्न २ मेला होतं, वाईजवळच्या एका आमराईत. हॉल नको, थर्माकोल नको, फ्लेक्स तर नावालाही नको, सगळं गावरान दिसलं पाहिजे, हा तिचा हट्ट. पिंटरेस्टवर बघून तिने अकरा पाट्यांची यादी काढली होती. चार फुटी ‘स्वागत’, आंब्याच्या बुंध्याला टेकवून ठेवायची. एका खांबावर पाच बाण: मांडव, हळद, रुखवत, पंगत, गाड्या. मग ‘चपला इथे’, ‘आहेर नको, आशीर्वाद द्या’, ‘कानपिळीसाठी मेहुणा तयार आहे’, पंगतीतला बेत लिहिलेली एक, आणि शेवटची दोघांच्या नावांची, चि. आणि चि.सौ.कां. सकट. खरं सांगतो, यादी मलाही आवडली. मेहुण्याच्या पाटीला तर मी मोठ्याने हसलो होतो.

माझा मेहुणा, म्हणजे खराखुरा, बायकोचा भाऊ, तेव्हाच म्हणाला, “दाजी, आपल्या सुताराला सांगा की. चार फळ्या तासायच्या नि पेंटरकडून अक्षरं काढून घ्यायची.” मी त्याला उडवून लावलं. हे त्याने नंतर किमान वीस वेळा ऐकवलंय, म्हणून मीच आधी लिहून टाकतो.

इन्स्टावर एक पान सापडलं. बावीस हजार फॉलोअर, फोटो एकापेक्षा एक. पुण्याजवळ वर्कशॉप, सहारनपूरचे कोरीवकाम करणारे कारागीर, सगळं हाताने कोरून वर मेणाचं पॉलिश. सहारनपूरचं नाव ऐकून मी विरघळलो, कारण तिथलं कोरीवकाम नावाजलेलं आहे हे मला माहीत होतं. अर्धवट माहिती असलेला गिऱ्हाईक या लोकांना सगळ्यात आवडतो. माणूस फोनवर अदबीने बोलायचा, ‘काका’ म्हणायचा. अकरा पाट्यांचे २६,५००, निम्मे आगाऊ. ३ एप्रिलला १३,२५० भरले. पैसे भरताना अ‍ॅपवर एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, “वहिनींचं खातं आहे काका, माझ्या खात्याची लिमिट संपलीय.” पिन टाकायच्या आधी पडद्यावर जे नाव येतं ते वाचा. दुकानाचं नाव एक आणि खात्याचं भलतंच असेल तर फोन खाली ठेवा. वहिनी, मेव्हणी, अकाउंटंट, कुणाचीही गोष्ट ऐकू नका.

७ एप्रिलला म्हणाला जीएसटी आधी भरावा लागतो, १८ टक्क्यांनी ४,७७०, “तुम्हाला पक्कं बिल मिळेल काका”. बिल आलं. मी स्वतः प्रेस चालवतो, माझी स्वतःची बिलं फाडतो, तरी त्या बिलाकडे धड पाहिलं नाही. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. याच्या बिलावर पत्ता पुण्याचा आणि क्रमांकाची सुरुवात ०७, म्हणजे दिल्ली. क्रमांक पंधरा अक्षरी असतो, याचा मोजला तर चौदाच भरला. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून बघायला फुकट आहे, अर्धं मिनिट लागतं. मी बघितला २८ तारखेला.

आता जे सांगतोय ते लिहिताना कान तापतात.

गेली २९ वर्षं मी छपाईत आहे. पेजमेकर आणि श्रीलिपीच्या काळापासून मराठी जुळवतोय, निम्मा धंदा लग्नपत्रिकांचा. ज्याला मराठी जोडाक्षरं कळत नाहीत अशा सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाकलं की काय होतं, हे मला झोपेत विचारा. ऱ्हस्व वेलांटी आपलं अक्षर सोडून पुढच्याच्या डोक्यावर जाऊन बसते. जोडाक्षर सुटतं आणि अर्ध्या अक्षराखाली हलन्त लोंबतो. हे कॉम्प्युटरच करतो. पटाशी धरणारा माणूस अशी चूक करत नाही. त्याला मराठी येत नसेल तर तो समोरच्या कागदावरचं चित्र जसंच्या तसं उतरवेल, फार तर वाकडं उतरवेल.

१९ एप्रिलला रात्री साडेअकराच्या सुमाराला ‘माल तयार’ म्हणून तीन फोटो आले. दिवसभर पत्रिका वाटून आलो होतो, चष्मा कपाळावर. पहिल्या पाटीवर ‘स् वागत’, स खाली हलन्त आणि पुढे वागत वेगळं. दुसरीवर ‘कानपिळी’तली वेलांटी प सोडून ळ वर चढलेली. तिसरीवर ‘चि.’चीही तीच गत, वेलांटी पुढच्या टिंबावर. मला दिसलं. हे नीट ऐका, मला दिसलं! आणि मी काय केलं? प्रूफ तपासलं. २९ वर्षांची खोड. ११:३४ ला त्याला लिहून पाठवलं: “स्वागतमधलं जोडाक्षर जोडा, पि आणि चि च्या वेलांट्या दुरुस्त करा.” ११:४६ ला तीनही पाट्यांचे दुरुस्त फोटो आले.

बारा मिनिटांत.

कोरलेलं, पॉलिश केलेलं, वाळलेलं लाकूड रात्री पावणेबाराला बारा मिनिटांत दुरुस्त होऊन आलं. आणि मी समाधानाने अंगठा पाठवला. वर लिहिलं, “आता शुद्ध झालं.” ११:५१ ला उरलेले १३,२५० भरले. शुद्धलेखन सुधारून घेतल्याच्या आनंदात.

आता ते फोटो मोठे करून बघतो तेव्हा आणखी एक गोष्ट दिसते. प्रत्येक पाटीवर उजव्या कोपऱ्यात खाली लाकडाची गाठ आहे, बदामाएवढी, मधोमध चीर गेलेली. तीनही पाट्यांवर तीच गाठ, तीच चीर, त्याच जागी. एकाच फळीच्या फोटोवर तीन वेळा अक्षरं चिकटवलेली. लाकडात दोन गाठी सारख्या नसतात, हे आमच्या गल्लीतलं पोरही सांगेल. लाकडाची कुठलीही वस्तू ऑनलाइन घेताना गाठी बघा, रेषा बघा. अक्षराच्या खाचेत रेषा तुटते की नाही ते बघा. कोरलं असेल तर तुटतेच.

तुम्ही म्हणाल इतकं कळतं तर फसलात कसे. मी काही अडाणी नाही. ओटीपी कुणाला देत नाही, लिंकवर बोट ठेवत नाही, लॉटरी लागल्याच्या फोनवरच्या पोरांना शिव्या घालतो. पण घरात लग्न असलं की रोज आठ ठिकाणी पैसे सुटत असतात. केटररला आगाऊ, मांडववाल्याला आगाऊ, सनईवाल्याला आगाऊ. त्या रांगेत हा नववा उभा होता, बाकीच्यांसारखाच दिसत होता. आणि एकदा १८,०२० गेले की उरलेले द्यायला हात आपोआप पुढे होतो, नाहीतर आधीचे बुडतील ना. ही मेख त्यांना आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते.

२३ तारखेला ट्रान्सपोर्टचे ३,५००. बिल्टीचा, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीचा, फोटो पाठवला, टेम्पोचा नंबर पाठवला, “माल पोचला की परत मिळतील काका.” परत मिळणारं भाडं जगात कुठे असतं? पण भरले. २७ तारखेला माल नाही, आणि याचा फोन: गाडी वाटेत बंद पडली, भाडं परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा. तिथे मात्र भाच्याने माझ्या हातातून मोबाईल ओढून घेतला. पैसे यायला स्कॅनही लागत नाही, पिनही लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. हे एक वाक्य घरातल्या म्हाताऱ्यांना, आणि माझ्यासारख्या स्वतःला म्हातारा न समजणाऱ्यांना, पाठ करायला लावा. मी पैसे टाकत नाही म्हटल्यावर दहा मिनिटांत ब्लॉक.

आता पुढची कथा. चोरावर जेवढा राग आहे त्याहून जास्त राग मला या भागाचा आहे.

२८ ला सकाळी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सायबर पोर्टलचा पोचक्रमांक मिळाला. हा फोन जितका लवकर, शक्यतो पहिल्या तासाभरात, केला तितका उपयोगाचा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी रोखता आले तर येतात. माझे सगळ्यात ताजे पैसेही पाच दिवस शिळे झाले होते. चूक माझी. पण लग्नघरातून माल उशिरा येतोय म्हणून कोण सायबरला फोन करतं?

मग पोलीस ठाणं. कुठलं ते सांगत नाही. प्रिंटआउट, बँकेचं स्टेटमेंट, चॅटचे फोटो, सगळं स्पायरल बाइंडिंग करून नेलं, प्रेसवाला आहे ना. टेबलावरच्या साहेबांनी फाईल उघडलीच नाही. “पाट्या? लाकडी? चौतीस हजारांच्या?” शेजारच्याला हाक मारून सांगितलं. दोघे हसले. मग प्रवचन: आमच्या वेळी दाराला केळीचे खांब आणि आंब्याचं तोरण असायचं, भागायचं. मी म्हटलं साहेब, तोरण आहेच, तक्रार पाट्यांची आहे. तर म्हणे हा व्यवहारातला वाद, दिवाणी बाब. चौदा अक्षरी खोटा जीएसटी क्रमांक, खोटी बिल्टी, खोटे फोटो, आणि दिवाणी बाब! मी ४२० म्हटलं तर म्हणे ते कलम आता नाही. ते मलाही ठाऊक आहे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, फसवणूक तीच आहे. मग हद्द निघाली. माणूस पुण्याचा, तिकडे जा. पुण्याचा कशावरून? त्याने सांगितलं म्हणून! म्हणजे चोराने सांगितलेला पत्ता पोलिसांना खरा आणि माझी फाईल खोटी. हद्द कुठलीही असो, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून पुढे पाठवायची सोय नव्या कायद्यात लिहून ठेवलीय, नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३. मी कलमाचं नाव काढल्यावर त्यांचा चेहरा बदलला, वाईटाकडे. “वकील आहात का?” शेवटी “अर्ज ठेवून जा”. माझ्या प्रतीवर शिक्का मागितला तर शिक्का मोठ्या साहेबांच्या कपाटात, साहेब बंदोबस्ताला. शिक्क्यासाठी तीन खेटे घातले, एक तर हळदीच्या दिवशी, अंगाला हळद असताना. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका, आणि अर्ज म्हणजे गुन्हा नोंद नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा.

कळस पुढेच आहे. जूनमध्ये तिथूनच फोन: “तुमचा अर्ज चौकशीला आलाय, येताना पाट्या घेऊन या, पंचनामा करायचाय.” मी म्हटलं, पाट्या आल्याच नाहीत हीच तर तक्रार आहे. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, “बरं, एखादी तरी आणा.”

बँकेने एका वाक्यात विषय संपवला, पिन तुम्हीच टाकलात. नियम तसाच आहे, मान्य. पण ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला कळवा, एवढं करायला एक मेल लागतो. काउंटरवरून कस्टमर केअरला, तिथून शाखेला, शाखेतून “सिस्टीममध्ये टाकलंय”. अकराव्या दिवशी मेसेज: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, अनुभव कसा वाटला, पाचपैकी तारे द्या. तक्रार लेखीच करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. मी गेलोय, बघू. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, पण तिथे समोरच्याचं खरं नाव-पत्ता लागतं, आणि माझ्याकडे फक्त एक वहिनी आहे.

पाट्यांचं काय झालं? ३० एप्रिलला मेहुणा काही न बोलता आमच्या सुताराला घेऊन आला. मशीनच्या पेट्यांचं पाईन लाकूड भंगारवाल्याकडून आणलं, रंधा मारला, कडा मुद्दाम ओबडधोबड ठेवल्या. अक्षरं गावातल्या पेंटरने पांढऱ्या ऑइलपेंटने काढली, ज्याचा धंदा फ्लेक्सने बसवला तोच. लाकूड-मजुरी ४,१००, अक्षरं १,८००. वेलांट्या सगळ्या जागेवर, एकही दुरुस्ती नाही. कानपिळीच्या पाटीखाली मेहुण्यानेच उभं राहून फोटो काढून घेतला आणि मला पाठवला. बायको म्हणाली, “अहो, हे आधी केलं असतं तर तेवढ्यात पाहुण्यांना साड्या आल्या असत्या.” उत्तर देण्याजोगं काही नव्हतं.

ते पान बंद झालेलं नाही. नाव बदललंय, वरचा फोटो बदललाय, आता म्हणे वर्कशॉप नाशिकला आहे. परवा लेकीने दाखवलं, नवीन जोडप्याच्या नावाची पाटी टाकलीय, खाली लोकांनी बदाम टाकलेत. मी कमेंट केली, दोन मिनिटांत उडवली. तुलसीविवाहानंतर ऑर्डरी द्याल तेव्हा फोटो मोठा करून बघा. उजवा कोपरा, खाली, बदामाएवढी गाठ, मधोमध चीर.