शाळेसाठी तयार ‘फिटनेस सेंटर’ पॅकेज: मुलींच्या कॉन्व्हेंटला कितपत उपयोगी?

‘सगळं आम्हीच बसवून देतो’ म्हणून शाळांना विकल्या जाणाऱ्या जिम पॅकेजचा हा रिव्ह्यू आहे. शाळा वसई पट्ट्यातली, मुलींची, सिस्टर चालवतात ती. पुरवठादाराचं नाव मुद्दाम देत नाही. दुसऱ्या पुरवठादाराचं पॅकेज मागवलंत तरी यादी साधारण हीच येते.

खोली तळमजल्यावर, ४० बाय २० फुटांची. पॅकेजमध्ये दोन ट्रेडमिल, दोन स्पिन बाइक (जागच्या जागी चालवायच्या सायकली), एक क्रॉस ट्रेनर (हात-पाय एकत्र चालवायचं मशीन), चार स्टेशनचा मल्टीजिम (एकाच सांगाड्यावर चौघींना वेगवेगळा व्यायाम), अडीच ते पंधरा किलोचे डंबेल, १० मिमीच्या रबर टाइल, आरसे, चरबी मोजणारं मशीन आणि तीन महिने ट्रेनर. अर्ध्याहून जास्त रक्कम मशीनवर जाते आणि घोडं तिथेच अडतं. पीटीचा तास ३५ मिनिटांचा. त्यातली दहा कपडे बदलण्यात आणि ये-जा करण्यात जातात. वर्गात ४५ मुली, मशीनवर एका वेळी ९. प्रत्येकीच्या वाट्याला पाच मिनिटं येतात आणि उरलेली वीस मिनिटं ती भिंतीला टेकून गप्पा मारते. उद्घाटनाच्या फोटोत मात्र हीच मशीन झकास दिसतात.

मल्टीजिमची तक्रार वेगळी आहे. तो मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. सातवी-आठवीतल्या मुलीचे पाय सीटवरून जमिनीला टेकत नाहीत, वरचा बार बसून हाताला लागत नाही. पाय सरळ करण्याच्या स्टेशनवर गुडघा मशीनचा दांडा जिथे फिरतो त्या सांध्याच्या रेषेत यायला हवा. सीटची पाठ मागेपुढे होत नसेल तर मुलगी पुढे सरकून बसते, कंबर अधांतरी राहते आणि गुडघ्यावर तिरका ताण येतो. पाठीमागे चार इंची कडक फोमचा ठोकळा आणि पायाखाली लाकडी पाट देऊन तात्पुरतं भागतं. वजनाच्या प्लेट पाच-पाच किलोच्या असल्या की पाचवरून थेट दहावर उडी, म्हणजे दुप्पट वजन. घ्यायचाच असेल तर अडीच किलोची जोडप्लेट लेखी मागून घ्या.

ट्रेडमिलच्या मांडणीत खरा धोका सापडला. पुरवठादाराच्या नकाशात मागची भिंत जेमतेम दोन फुटांवर होती. मुलगी घसरली तर चालता पट्टा आणि भिंत यांच्यात अडकणार. मागे किमान दोन मीटर मोकळं हवं, सेफ्टी कीची (ओढली गेली की पट्टा थांबवणाऱ्या किल्लीची) क्लिप कपड्याला लावल्याशिवाय पट्टा सुरू करू देऊ नये, आणि प्रत्येक मशीनला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) व तपासलेलं अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्डावर चालवलेलं मशीन बोर्ड जाळतं, कधी स्वतःचा कंट्रोलरही. वसईच्या खाऱ्या हवेत मे महिन्याच्या सुट्टीत मशीन झाकून ठेवली की जूनमध्ये पट्टा अडतो आणि डिस्प्ले दगा देतो. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं रिकामी चालवायची, पट्ट्याखाली सिलिकॉन तेलच घालायचं. खोबरेल किंवा शिलाईमशीनचं तेल घातलं की पट्टा घसरतो, धूळ चिकटते.

आणखी एक गोष्ट कोटेशन देणाऱ्याच्या डोक्यातच आली नव्हती: भिंतीपलीकडे चॅपल, म्हणजे कॉन्व्हेंटचं छोटं प्रार्थनाघर, होतं. धावण्याची धडधड भिंतीतून जाते आणि पहिल्या शुक्रवारी मिस्साच्या (चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेच्या) वेळी ती सगळ्यांना ऐकू येते. त्या बाजूला मॅट आणि स्ट्रेचिंग ठेवा, मशीन रस्त्याकडच्या भिंतीला.

जमिनीवर मात्र कंजुषी नको. १० मिमी टाइलच्या कडा लवकर उचलतात, वजनं ठेवायची तिथे १५ ते २० मिमी हव्यात. आधी ओल तपासा. दोन फुटी प्लास्टिक चारही कडांना टेप लावून लादीवर एक दिवस चिकटवा. खाली थेंब जमले तर ओल थांबवल्याशिवाय टाइल टाकू नका, नाहीतर पहिल्याच पावसात बुरशीचा वास सुटतो. वरच्या मजल्यावरचा वर्ग देणार असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा. वर्गखोलीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला ३०० किलोच्या हिशेबाने धरलेला असतो, त्यात वजनं आपटण्याचा विचार नसतो.

चरबी मोजणारं मशीन सरळ परत करा. त्याच्या छापील चिठ्ठीत बीएमआयसाठी (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) मोठ्यांच्या १८.५ आणि २५ याच रेषा होत्या. वाढत्या मुलींसाठी वयानुसार तक्ते लागतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते ५ ते १८ वयासाठी आहेत. अशी चिठ्ठी वर्गभर फिरली की दोघी-तिघी डबा खाणं सोडतात. वजनकाटा पडद्याआड ठेवावा. आरसे एकाच भिंतीला पुरे. तपासायचं तर हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली ॲनिमिक, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असलेल्या, निघाल्या. थोड्याशा धावण्याने धाप लागणारी मुलगी आळशी असेलच असं नाही. सकाळी सातच्या बॅचला उपाशीपोटी कुणी नको. केळं किंवा चिक्की तरी पोटात हवी.

मशीन टाळून वाचलेल्या पैशात काय घ्यावं? ४५ मॅट, प्रत्येकीला दोरी (मधोमध उभं राहिल्यावर मुठी काखेपर्यंत याव्यात), एक ते पाच किलोचे डंबेल, एक-दोन-तीन किलोचे मेडिसिन बॉल, रबर बँड, भिंतीला स्टॉल बार (शिडीसारखे आडवे दांडे), दोन उंचीचे पुल-अप बार. कमरेतून वाकायला शिकवताना आधी पाच फुटी पीव्हीसी पाइप पाठीला लावायचा, मग पाच किलोचा हलका बार. बीम भक्कम असेल आणि शिकवणारी मिळत असेल तर दोरीचा मल्लखांब टांगा. खर्च किरकोळ, मुली त्याच्यासाठी आपणहून थांबतात, आणि पकड-खांदे-पोट यांना मिळणारा व्यायाम कुठल्या मल्टीजिममध्ये नाही.

पॅकेजमध्ये कपडे बदलायची खोलीच नाही, ही सगळ्यात मोठी चूक. पिनाफोरवर (गणवेशाच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकवर) स्क्वॉट होत नाहीत. पडद्याचे सहा कप्पे, खुंट्या, सॅनिटरी पॅडचा डबा, झाकणाची कचरापेटी एवढं केलं की ‘टीचर, आज नको’ म्हणणाऱ्या निम्म्या मुली आत येतात. पाळीत बसायचं की हलका व्यायाम करायचा हे मुलीला ठरवू द्या. दाराशी एक छोटी पेटी ठेवा: गळ्यातली क्रॉसची चेन, पैंजण, कडं तिथे काढून ठेवायचं. केबलच्या पुलीत चेन अडकायला क्षण पुरतो.

ट्रेनर म्हणून पुरुष पाठवला होता. सिस्टरांनी परत पाठवला, बरोबर केलं. बाई ट्रेनर, पोलीस पडताळणी आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण या अटी ऑर्डरमध्येच घाला. वार्षिक देखभालीच्या करारात पट्टा, केबल, सीटचं रेक्झिन आणि कंट्रोल बोर्ड बारीक अक्षरात वगळलेले असतात आणि नेमकं तेच बिघडतं. त्यांचे दर सहीआधी लिहून घ्या. या पॅकेजला आमचे पाचात दोन: एक डंबेलला, एक वेळेवर बसवून दिल्याबद्दल.