शेन्झेनची चिनी कंपनी की शांघायमधली परदेशी?

चीनमध्ये नोकरी करायचं ठरलंय आणि हातात दोन ऑफर आहेत: शेन्झेनमधली चिनी टेक कंपनी आणि अमेरिकन कंपनीचं शांघायमधलं ऑफिस. पहिला प्रश्न बहुतेक सगळे कामाच्या तासांचा विचारतात.

'९९६' म्हणजे सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस. ही पद्धत बेकायदा असल्याचं चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलं. कायद्याने ओव्हरटाइमची कमाल मर्यादा महिन्याला ३६ तास. कामाच्या दिवशी दीडपट, साप्ताहिक सुटीला दुप्पट, सणाच्या सुटीला तिप्पट पैसे. तरीही चिनी टेक कंपनीत सहाच्या ठोक्याला बॅग उचलणारा माणूस सगळ्यांच्या नजरेत भरतो. परदेशी म्हणून तुम्हाला कुणी बोलणार नाही, फक्त हळूहळू विचारेनासे होतील. भरपाई दुपारी मिळते: जेवणानंतर दिवे मालवून, घडीच्या खाटा उघडून अख्खा मजला झोपतो. हे मात्र मला मनापासून आवडतं.

अमेरिकन कंपनीत सुटका होते असं वाटत असेल, तर घड्याळ बघा. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा शांघायमध्ये रात्रीचे ९ झालेले असतात. कॉल तेव्हाच लागतो.

माझ्या मते खरा फरक तासांचा नाही, निर्णय कुठे होतो याचा आहे. चिनी कंपनीत तो तुमच्यापासून दोन टेबलांवर होतो, आणि झपाट्याने: सोमवारी ठरलेलं फीचर शुक्रवारी बाजारात, पुढच्या आठवड्यात कदाचित रद्दही. पण सगळं बोलणं चिनीत. मीटिंगमध्ये उघड विरोध सहसा कुणी करत नाही. साहेबांशी बोलून आधीच ठरलेलं असतं, मीटिंग शिक्कामोर्तबापुरती. तासभराच्या चर्चेनंतर शेजारचा सहकारी तुम्हाला दोन ओळींत इंग्रजी सारांश देतो. तेवढ्यावर काम निभतं, बढती मिळणं कठीण. उरलेली माहिती वीचॅट या चॅट अ‍ॅपच्या ग्रुपवर आणि जेवणाच्या टेबलावर फिरते, जिथे बायजिऊ या कडक चिनी दारूचे पेले रिकामे होत असतात. (शाकाहारी असाल तर आधीच सांगून ठेवा, भाजीत मांसाचा चुरा असणं तिथे मांसाहारात धरत नाहीत.) डिंगटॉक या ऑफिसच्या अ‍ॅपवर तर तुम्ही मेसेज वाचलात की नाही हेही साहेबांना दिसतं.

शांघायच्या ऑफिसात भाषा तुमच्या ओळखीची, पण निर्णय समुद्रापलीकडे. आयबीएमने २०२४ मध्ये चीनमधलं संशोधन-विकासाचं काम बंद केलं, हजाराहून अधिक जणांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणजे 'परदेशी कंपनी सुरक्षित' हेही जुनं झालं. रजा मात्र इथे बहुधा बऱ्या मिळतात; चिनी कायद्याने एकूण नोकरी १ वर्ष पूर्ण, पण १० वर्षांपेक्षा कमी असेल तर वर्षाला फक्त ५ दिवस भरपगारी रजा देणं बंधनकारक आहे.

कामापुरती चिनी येत असेल आणि वय-घर परवानगी देत असेल, तर मी शेन्झेन म्हणेन; उत्पादन इतक्या वेगाने घडताना बघायला क्वचितच मिळतं. भाषेची तयारी नसेल किंवा मुलांची शाळा सोबत असेल, तर शांघाय.

दोन्हीकडे वर्क परमिट मालकाला बांधलेलं असतं, म्हणून सहीआधी करारातलं स्पर्धाबंदीचं (प्रतिस्पर्धी कंपनीत जाण्यास मनाई करणारं) कलम नीट वाचा. ते नोकरी सोडल्यावर जास्तीत जास्त २ वर्षं लागू राहू शकतं, आणि त्या काळात दर महिन्याला मोबदला द्यायची जबाबदारी कंपनीची असते. रक्कम करारात लिहिली नसेल, तर आकडा घालून मागा.