कपलरचा गेज: कार्डांचा, सागवानाचा, पितळेचा की विकतचा?

मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मॉडेल रेल्वेचं सामान मिळत नाही. मिळतं ते ट्रॅक्टरचं, मोटारपंपाचं आणि शिलाई मशीनचं. तरीही कपलरची, म्हणजे मॉडेलचे डबे एकमेकांना जोडणाऱ्या कडीची, उंची तपासायला मी आजवर चार तऱ्हेचे गेज, म्हणजे मापाचे ठोकळे, वापरले आणि पाचवा एका मित्राकडे पाहिला. तुम्ही आता ठरवायला बसला असाल तर माझं मत आधीच सांगतो. तुमचे डबे तुमच्याच रुळावर धावणार असतील तर बँकेच्या जुन्या कार्डांचा गेज करा. डबे दुसऱ्याच्या रुळावर न्यायचे असतील तर विकतचाच घ्या. सागवानाच्या वाटेला शक्यतो जाऊ नका.

गेज कुठलाही करा, आधी आकडा पक्का हवा. मी एचओ जातीचं मॉडेल करतो. एचओ म्हणजे १:८७ प्रमाण आणि १६.५ मिमीचा रूळ. त्यावरच्या केडी (ही कपलर बनवणारी कंपनी) जातीच्या कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून २५/६४ इंच, म्हणजे ९.९२ मिमी उंच असतो. कपलरखाली लोंबणारी तार, म्हणजे ट्रिप पिन, रुळाच्या माथ्यावर १/३२ इंच, म्हणजे ०.७९ मिमी राहायला हवी. कपलर खालीवर झाले की चढाला गाडी मधूनच तुटते. पिन लोंबली की सांध्यावर अडकते आणि डबा घसरतो.

आपल्याकडच्या माणसाची चूक हमखास इथंच होते. आपल्या ब्रॉडगेजवर बफरची, म्हणजे डब्याच्या टोकाच्या धक्के झेलणाऱ्या चकत्यांची, उंची जास्तीत जास्त ११०५ मिमी आणि कमीत कमी १०३० मिमी. हौशी माणूस ११०५ ला ८७ ने भागतो, १२.७ मिमी काढतो आणि कपलर तिथं बसवतो. पण मॉडेलचं माप अमेरिकन गाड्यांवरून आलंय. त्यामुळे कपलर पावणेतीन मिमी वर जातो आणि दुसऱ्या कुठल्याच डब्याला लागत नाही. मी स्वतः चार वाघिणी अशा केल्या होत्या आणि चारही परत उघडाव्या लागल्या. त्याच आकड्यांतून एक धीराची गोष्टही कळते. खऱ्या रेल्वेत ७५ मिमीची सूट आहे, ती १:८७ मध्ये ०.८६ मिमी होते. मॉडेलमध्ये एवढी ढिलाई मी ठेवत नाही, पाव मिमीच्या आत आलं की थांबतो. मात्र शंभराव्या भागासाठी जीव आटवायचं कारण नाही.

आता कार्डांचा गेज. एटीएम कार्डाची जाडी जगभर ०.७६ मिमी ठरलेली आहे. पिनसाठी हवी ती फट ०.७९. म्हणजे अर्धं काम त्या कार्डानं आधीच करून ठेवलंय.

मुदत संपलेली पाच-सहा कार्डं घरातून, भावकीतून गोळा करा. त्यांचे २२ मिमी रुंद, ४० मिमी लांब तुकडे कापा. एवढी रुंदी दोन्ही रुळांवर नीट बसते. चिप आणि उठावाचे आकडे असलेले तुकडे बाजूला काढा, कारण तिथं जाडी बदलते. सगळ्यात खालचा तुकडा मात्र ६० मिमी लांब ठेवा, म्हणजे पुढे २० मिमीची जीभ निघेल. ही जीभ रुळांवर टेकते आणि तपासायच्या डब्याची पिन तिच्यावरून जेमतेम सरकली पाहिजे.

मग एक चांगला कपलर घ्या, त्याची पिन कापून टाका आणि डोक्यामागच्या दांड्याची जाडी व्हर्निअरनं मोजा. माझ्याकडचा दांडा १.५ मिमी भरला. त्याची निम्मी, ०.७५, ही ९.९२ मधून वजा केली की ९.१७ उरतात. बारा कार्डं म्हणजे ९.१२. हिशोब छान जुळला असं वाटलं, पण चिकटवल्यावर ठोकळा ९.३० भरला. अकरा सांध्यांतला फेविक्विक कुठं जाणार? तेव्हा थर चिकटवताना शिकंजात घट्ट दाबा आणि वाळल्यावर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून ठोकळा त्यावर घासा. घासायचं वरच्या अंगानं. खालून घासलं तर जिभेची जाडी जाते आणि पिनचं माप बिघडतं. ९.१७ आलं की दांडा वर चिकटवा, कपलरचं डोकं जिभेच्या वर मोकळं राहू द्या. शेवटी ठोकळा काचेवर ठेवून डोक्याच्या खालच्या आणि वरच्या कडेची उंची मोजा. दोन्हींची सरासरी ९.९२ आली की गेज तयार.

मला यात एक दुपार गेली आणि खर्च फक्त फेविक्विकचा झाला. प्लॅस्टिक वीज वाहत नाही, म्हणून चालू रुळावरही ठेवता येतो. उणीव एवढीच की कडा झिजतात, आणि उन्हात राहिला तर वाकायची भीती असते. माझा गेज कपाटात, डब्यात असतो.

व्हर्निअर नसेल तर गावातल्या ट्रॅक्टर मेकॅनिककडे जा. टॅपेट बसवायचा, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट मोजायचा, पातळ पात्यांचा फिलर गेज त्याच्याकडे असतोच. ०.५० आणि ०.३० ची पाती एकत्र धरली की ०.८० होतात, पिन तपासायला तेवढं पुरतं. आमच्या मेकॅनिकनं ती पाती रुळावर ठेवली, डबा पुढेमागे केला आणि म्हणाला, "भाऊ, हे तं टॅपेटच झालं." खरंच तेच काम आहे. फक्त रुळातली वीज बंद करून हे करा, कारण पाती पोलादाची असतात.

पितळेचा गेज याहून अचूक होतो आणि आयुष्यभर टिकतो. चौरस पट्टी आणा, कानशीनं घासत आणा, दर चार हातांनी मोजा. कानस हातात बसलेली असेल तर पाच शतांश मिमीपर्यंत जाता येतं. माझा मात्र यावर जीव बसला नाही, कारण एकदा तो दोन्ही रुळांवर तसाच ठेवून मी कंट्रोलर चालू केला. शॉर्ट झालं, जळका वास आला आणि कंट्रोलर दुरुस्तीला गेला. नंतर तळाला इन्सुलेशन टेप लावली, तर टेपच्या जाडीनं उंची वाढली आणि पुन्हा घासणं आलं. पितळेचाच करायचा असेल तर टेप आधी लावा आणि माप तिच्यासकट घ्या.

सागवानाचा ठोकळा आमच्या सुताराकडून करून घेतला होता, दिसायला फार देखणा. मे महिन्यात ९.९ भरला, ऑगस्टमध्ये १०.१. आपल्याकडे उन्हाळ्यात लाकूड कोरडं ठणठणीत होतं आणि पावसाळ्यात फुगतं, तेही तंतूंच्या आडवं. करायचाच असेल तर उंचीच्या दिशेनं तंतू उभे येतील असा कापून घ्या, त्या दिशेला लाकूड फारसं हलत नाही.

थ्रीडी प्रिंटचा गेज मित्रानं शहरातून मागवला होता. साधारण प्रिंट ०.२ मिमीच्या थरांत होते, त्यामुळे उंची ९.८ किंवा १०.० येते, ९.९२ येत नाही. शिवाय प्रिंटचं प्लॅस्टिक, पीएलए, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. टिनाच्या छपराखाली, मे महिन्यात, खिडकीत ठेवलेल्या वस्तूचं काय होतं हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको.

विकतचा म्हणजे केडीचा. २०५ नंबरचा धातूचा, २०६ नंबरचा वीज न वाहणारा. वर पितळेबद्दल वाचलंत, तेव्हा २०६ घ्या. त्यात कपलरची उंची आणि पिनची फट दोन्ही एकदम दिसतात. किंमत परवडते, अंगावर येतो तो टपालखर्च आणि कस्टम. पुण्या-मुंबईकडचा कुणी मागवत असेल तर त्याच्या पार्सलमध्ये घालून घ्या. माझ्या मते दहा-बारा डब्यांसाठी एवढा खटाटोप नको. तीस-चाळीस डबे झाले, किंवा प्रदर्शनात इतरांच्या डब्यांना जोडायचे असले, की मात्र तो हवाच. मी तेव्हाच घेतला. त्याच्याशी ताडून पाहिला तर कार्डांचा गेज ०.१ मिमीनं उंच निघाला.

आमच्या भागात बरेच जण शकुंतला, म्हणजे इथली जुनी छोटी गाडी, करायला बघतात, त्यांच्यासाठी एक सूचना. ती ७६२ मिमीची नॅरोगेज, १:८७ मध्ये ८.७६ मिमी होते, म्हणून एन स्केलचा, म्हणजे एचओहून लहान मॉडेलांचा, ९ मिमीचा रूळ वापरतात. तिथं ९.९२ चा आकडा लागू नाही. तुम्ही जो कपलर बसवणार त्याच्या मापानं ठोकळा करा, कार्डं मोजायची रीत तीच.

गेज हाती आला की डबा आधी सपाट काचेवर ठेवून सगळी चाकं टेकतात का ते पाहा. एक चाक अधांतरी असेल तर कुठलाच गेज खरं सांगत नाही. माझ्या अठरा डब्यांपैकी सात खाली निघाले होते आणि त्यातल्या तीन डब्यांत दोष कपलरचा नव्हता, बोगीचा, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटीचा, स्क्रू जास्त आवळला होता. तो पाव वेढा सैल केला आणि कपलर जागेवर आले.