अंटार्क्टिकाच्या सफरीवर वीस लिटरची ड्राय बॅग

तीन वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या पावसाळी भटकंतीसाठी मुंबईत साडेतीन हजार रुपयांना घेतलेली, तोंड गुंडाळून बंद करायची वीस लिटरची ड्राय बॅग, म्हणजे पाणी आत न शिरू देणारी पिशवी, मी यंदा अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या सफरीवर नेली आणि कॅमेरा, दोन लेन्स व सुट्या बॅटऱ्या असा सगळा ऐवज तिच्या हवाली केला. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदरातून निघाल्यावर ड्रेक पॅसेजच्या, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या खवळत्या समुद्राच्या, दोन दिवसांत तिची परीक्षा झाली नाही, कारण कॅमेरा कपाटात होता आणि मी बहुतेक वेळ आडवा होतो.

खरी परीक्षा झोडियाकमध्ये, म्हणजे जहाजावरून किनाऱ्यावर नेणाऱ्या हवा भरलेल्या रबरी बोटीत झाली. तिच्यात उतरताना खलाशाचे मनगट धरायचे असते आणि दोन्ही हात मोकळे लागतात, त्यामुळे कॅमेरा पाठीवरच्या बॅगेत असणेच इष्ट. बोटीत बसल्यावर ती बॅग पायांशी येते, आणि तिथे बोटभर खारे पाणी जवळजवळ नेहमीच खेळत असते. शेजारच्या प्रवाशाच्या महागड्या कॅमेरा बॅगेवर पावसाचे कव्हर होते, पण बॅगेचा तळ आणि पाठीकडची बाजू उघडीच राहिल्याने पाणी नेमके तिथून वर चढले. माझ्या बॅगेला शिवणच नाही, सगळे जोड वितळवून चिकटवलेले आहेत, त्यामुळे खालून थेंबही आत आला नाही. या गुळगुळीतपणाचा आणखी एक फायदा म्हणजे किनाऱ्यावर जाण्याआधी चिकटलेल्या बिया आणि माती शोधण्यासाठी सामानाची जी तपासणी होते, तीत वेल्क्रो आणि कप्पे असलेल्या बॅगा व्हॅक्यूमने साफ होत असताना माझी बॅग मिनिटभरात मोकळी झाली.

किनाऱ्यावर मात्र तिने छळले. बर्ड फ्लूच्या धास्तीने अलीकडे तिथे खाली बसण्यास आणि सामान जमिनीवर ठेवण्यास मनाई असते, त्यामुळे लेन्स बदलायची तर बॅग पोटाशी घेऊन, उभ्यानेच, हातमोजे काढून तोंड उलगडावे लागते. आत कप्पे नाहीत आणि अस्तर काळे आहे, त्यामुळे लेन्सचे झाकण विहिरीत पडलेल्या भांड्यासारखे चाचपून शोधावे लागते. कप्प्यांचा आतला साचा वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि तो घेतल्याशिवाय या बॅगेत कॅमेरा ठेवू नये.

नेको हार्बर या द्वीपकल्पावरच्या खाडीतून परतताना वारा वाढला आणि घाईत मी तोंडाला तीनऐवजी एकच वळसा दिला. एक लाट थेट अंगावर आली आणि दोन-तीन चमचे पाणी आत शिरले, ज्याची आठवण म्हणून मोठ्या लेन्सची झूम रिंग अजून करकरते. चूक माझीच होती, परंतु एका वळशावरही बकल निमूटपणे लागते आणि वळसे मोजायला कडेवर साधी रेघही आखलेली नाही, हा रचनेचा दोष मानावाच लागेल. सह्याद्रीच्या पावसात असा हलगर्जीपणा खपून गेला होता, पण समुद्राचे पाणी वाळल्यावर मागे मीठ ठेवते. म्हणूनच कॅमेऱ्यावर उडालेले शिंतोडे कोरड्या फडक्याने पुसू नयेत, कारण मिठाच्या कणांनी काचेवर ओरखडे पडतात. गोड्या पाण्यात किंचित ओले केलेले फडके आधी, कोरडे नंतर.

ज्या कामासाठी ही बॅग घेतली नव्हती, ते तिने सर्वांत चोख केले. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरताच चष्मा धुरकटतो, तसाच शून्याच्या आसपासच्या थंडीतून उबदार केबिनमध्ये आणलेला कॅमेरा घामेजतो, आणि ही वाफ लेन्सच्या आतही धरू शकते. त्यामुळे मी कार्ड आणि बॅटरी बाहेरच काढून घेत असे, बाहेरच्या कोरड्या, गार हवेसकट बॅगेचे तोंड डेकवरच गुंडाळत असे आणि केबिनमध्ये ती दोन तास उघडत नसे. पाणी केबिनच्या हवेतून बाहेर बॅगेवर जमले, कॅमेऱ्यावर नाही. अट एवढीच की, आत ठेवताना कॅमेरा पुसलेला हवा. ओला ठेवला तर तोच ओलावा कोंडून राहतो.

सोबत नेलेले कॅमेऱ्याचे प्लास्टिकचे आवरण वाऱ्यात फडफडत राहिले आणि त्यातून व्ह्यूफाइंडर दिसेना, म्हणून दुसऱ्याच दिवशी ते बाजूला पडले. त्याच्यापेक्षा केबिनच्या न्हाणीघरातली शॉवर कॅप मांडीवरच्या कॅमेऱ्यावर घट्ट बसली आणि पुढे तीच वापरली.

पुन्हा जायचे झाले तर हीच बॅग नेईन, फक्त तोंडापासून तिसऱ्या वळशापर्यंतच्या जागी पक्क्या शाईच्या पेनने एक जाड रेघ आधीच ओढून ठेवीन.