साधा मजकूर आणि माइंड मॅप एकाच फोल्डरमध्ये : ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपचा आठ महिन्यांचा अनुभव

धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवरच्या फड सिंचन पद्धतीविषयी मी बरीच वर्षे टिपणे जमवीत आहे. बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाच्या चाऱ्या आणि चाऱ्यांखाली भिजणारे फड म्हणजे शेतांचे गट अशी या विषयाची मांडणीच झाडासारखी असल्यामुळे माइंड मॅप, म्हणजे एका विषयातून फांद्या काढत जाणारा नकाशा, मला सोयीचा वाटतो. पाटकऱ्यांच्या, म्हणजे पाटाचे पाणी वाटणाऱ्यांच्या, मुलाखती मात्र सलग मजकुराच्या असतात आणि त्या फांदीच्या टोकाला टांगता येत नाहीत. पूर्वी मी वापरत असलेल्या एका ॲपमध्ये नकाशे देखणे होत, पण वर्गणी थांबवल्यावर ते केवळ चित्ररूपात बाहेर काढता आले आणि सगळी टिपणे मला पुन्हा टंकावी लागली. तेव्हापासून कोणतेही ॲप पाहताना, ते काढून टाकल्यावर माझ्या हाती काय उरेल, हे मी आधी तपासतो.

फ्रीप्लेन हे माइंड मॅपचे ॲप काही आठवडे वापरून पाहिले. ते मोफत आहे, फांद्या आपोआप नीट रचते आणि प्रत्येक फांदीला लांब टिपण जोडू देते. परंतु त्यात नकाशा हाच मुख्य दस्तऐवज असतो आणि मजकूर त्याच्या आश्रयाला राहतो. मला याच्या नेमके उलट हवे होते.

ऑब्सिडियनमध्ये प्रत्येक टिपण ही आपल्याच संगणकावरची मार्कडाउन फाइल (मथळे वगैरे साध्या चिन्हांनी दाखवणारा साधा मजकूर) असते आणि ती कोणत्याही साध्या संपादकात उघडते. नकाशासाठी दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग कॅनव्हासचा. या फलकावर टिपण कार्ड म्हणून ठेवता येते आणि कार्डात केलेला बदल मूळ फाइलमध्येच होतो. मात्र कार्डे आपल्यालाच हाताने मांडावी लागतात, शिवाय त्यांना जोडणाऱ्या रेषा मजकुरात उतरत नाहीत. त्या वेगळ्या फाइलमध्ये राहतात. त्या फाइलचे स्वरूप २०२४ मध्ये जेसन कॅनव्हास या नावाने खुले करण्यात आले, ही दिलासा देणारी बाब असली, तरी ‘हा पाटकरी या दोन्ही फडांचे पाणी पाहत असे’ यासारखा संबंध मी आता रेषेवर न सोपवता टिपणातच पूर्ण वाक्यात लिहितो.

दुसरा मार्ग मार्कमॅप या मार्कडाउनवरून नकाशा काढणाऱ्या साधनावर आधारलेल्या प्लगइनचा, म्हणजे ॲपला जोडायच्या पूरक भागाचा. टिपणातले मथळे आणि उपमथळे यांवरून ते आपोआप फांद्या काढते. नकाशात बदल करता येत नाही, बदल मजकुरातच करावा लागतो. सुरुवातीला ही मला उणीव वाटली होती, पण आज याच मार्गाचा वापर मी अधिक करतो, कारण मथळ्यांची उतरंड चुकली असेल तर ती नकाशात लगेच उघडी पडते. एका प्रकरणात पीकपालटाचा सगळा भाग मी चुकून बंधाऱ्याच्या दुरुस्तीखाली घातला होता. वाचताना तीनदा नजरेतून सुटलेली ही चूक नकाशा उघडताच दिसली.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. ‘शेतकऱ्यांनी’ हा शब्द शोधला असता माझी निम्मीच टिपणे सापडत होती. शोध घेतल्यावर कळले की काही कीबोर्ड या शब्दात नुक्ता असलेला ‘ऱ’ घालतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह लावतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्रणेच्या लेखी ते दोन वेगळे शब्द ठरतात. फाइली साध्या मजकुराच्या असल्याने व्हीएस कोड या मजकूर-संपादकात पूर्ण फोल्डर उघडून सर्वत्र एकच रूप करता आले. आधीच्या ॲपमध्ये हे करायचे, तर एकेक टिपण उघडून बसावे लागले असते.

मोबाइलवर नकाशा मी केवळ पाहण्यापुरता उघडतो; बोटांनी कार्डे हलवण्याची चिकाटी माझ्यात नाही. शिवारात गेल्यावर मी सरळ मजकूर लिहितो, मथळे देण्याचे काम रात्री घरी संगणकावर करतो आणि त्यानंतर फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतो.