प्राडा इन्फ्युजन दामांद: बदाम आहे पण मिठाई नाही

बदामाचा परफ्युम म्हटलं की बरेच लोक वास घ्यायच्या आधीच नाक मुरडतात, गोड असणार, डोकं उठणार, बायकांचा असणार वगैरे. आमच्याकडे नवऱ्यानेही हेच ऐकवलं होतं, आणि आता ऑफिसला निघताना तीच बाटली शोधत असतो, त्यामुळे युनिसेक्स हे नुसतं बॉक्सवर लिहायला नाहीये हे मी छातीठोक सांगू शकते.

प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडची ही इन्फ्युजन सिरीज 2007 च्या इन्फ्युजन दिरिस या आयरिसवाल्या परफ्युममुळे गाजली, तो डॅनिएला आंद्रिए या परफ्युमरने केलेला, आणि 2015 चा हा बदामवालासुद्धा त्यांचाच. मारला की पहिला येतो तो कडू बदाम. आपण रोज भिजवून खातो त्या बदामाला असा वास नसतोच हो, हा बेन्झाल्डिहाइडचा वास, कडू बदामात आणि जर्दाळूच्या कडू बियांत असतो तो. ईस्टरला गोव्यात किंवा वांद्र्याच्या बेकऱ्यांमध्ये मार्झिपानची अंडी खाल्ली असतील तर लगेच ओळखाल, तिथे बऱ्याचदा काजू वाटून वर बदामाचा इसेन्स घालतात, बरोब्बर तोच वास, फक्त इथे साखर काढून घेतलेली.

साखर का जाणवत नाही तर त्यात अनिस आहे, म्हणजे बडीशेप-चक्रफुलाच्या वळणाचा गारवा, तो गोडाला वर येऊच देत नाही. आणि मग हळूहळू हेलिओट्रोप येतं, माझा सगळ्यात आवडता भाग हाच. ही छोटी जांभळी फुलं, त्यांच्या वासातच बदाम आणि व्हॅनिला दोन्ही असतात, पण फुलांतून अत्तर काढणं काही परवडत नाही म्हणून परफ्युमवाले हेलिओट्रोपिन नावाचं सुगंधी रसायन वापरून तो वास उभा करतात. त्यामुळे होतं काय की बदाम कुठे संपला आणि फूल कुठे सुरू झालं ते कळतच नाही, मनगट नाकाशी धरून कितीही शोधा. शेवटी टोंका, म्हणजे व्हॅनिलाच्या वळणाच्या वासाची एक बी, आणि मस्क, मऊ, थोडं पावडरी.

भूमध्य समुद्राकडच्या देशांत फेब्रुवारी-मार्चमध्ये बदामाच्या झाडांना पानं यायच्या आधीच पांढरी-गुलाबी फुलं येतात, बोडक्या फांद्यांवर नुसता बहर, आणि हा वास तसाच आहे, थंडी पुरती गेलेली नाही पण ऊन छान पडलंय असा. आपल्याकडे होळी ते पाडवा हा याचा खरा सीझन. मेच्या घामट दुपारीही चालतो, व्हॅनिलाचे जाड परफ्युम तेव्हा सहन होत नाहीत, हा होतो.

मात्र हा अंगाशीच राहणारा वास आहे, शेजारी बसलेल्याला कळेल, लिफ्टभर पसरणार नाही. लग्नात मिरवायला ऊद-बिद वापरणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. मी मानेवर एकदा आणि सुती कुर्त्याच्या आतल्या बाजूला एकदा मारते, कापडावर तो जास्त टिकतो.

स्वस्त अजिबात नाही, म्हणून आधी छोटी सॅम्पल बाटली घ्या आणि दुकानातल्या कागदी पट्टीवर ठरवू नका, पट्टीवर नुसता बदाम येतो, फूल कातडीवरच उघडतं.